तीन हजारांची यादी आणि फुकटची दप्तरे

प्रश्न : मी तासगाव येथील निवृत्त शिक्षिका असून गेली चार वर्षे तासगावच्या इतिहासावर एक पुस्तक लिहीत आहे. ते स्वखर्चानेच छापणार आहे. जुनी पुस्तके संगणकावर मोफत वाचायला मिळतात असे सगळे सांगतात. पण मी ‘तासगाव’ असे मराठीत टंकून शोधले तर काहीच हाती लागले नाही, आणि ‘सांगली जिल्ह्याचे ब्रिटिशकालीन गॅझेटिअर’ तर कुठेच सापडले नाही. दुसरी अडचण अशी की, पुस्तक छापून झाल्यावर ते परीक्षणासाठी कोणाकडे पाठवावे, हे मला कळत नाही. एका गृहस्थांनी महाराष्ट्रातील ‘पाच हजार पत्रकारांचे’ ईमेल आणि मोबाइल क्रमांक असलेली यादी तीन हजार रुपयांना देऊ केली आहे. ती घ्यावी का? असे पत्ते फुकट मिळत नाहीत का?

उत्तर :

आदरणीय बाई, स. न. वि. वि.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते गृहस्थ कदाचित तुमच्या होकाराची वाट पाहत असतील. यादी घेऊ नका. ते तीन हजार रुपये टपालखर्चासाठी बाजूला ठेवा. का, ते पुढे सांगतोच.

आता जुन्या पुस्तकांविषयी. मी अनेक वर्षे एका तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी दाखल नोंदवहीत सगळी प्रवासवर्णने ‘भूगोल’ या सदरात चढवली होती. प्रवासवर्णन मागायला आलेल्या सभासदाला ‘नाही’ असे उत्तर मिळे आणि पुस्तक मात्र तीन हातांवरच्या कपाटात असे. संगणकावरच्या मोफत ग्रंथसंग्रहांचे नेमके हेच झालेले आहे. पुस्तके आहेत, भरपूर आहेत, परंतु ज्याने नोंद केली त्याने ती कोणत्या लिपीत, कोणत्या स्पेलिंगने आणि कोणत्या जिल्ह्याखाली केली, हे ओळखल्याशिवाय ती हाती येत नाहीत.

तुमचे गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारा सरकारी ग्रंथ, न सापडण्याचे कारण असेच साधे आहे. ब्रिटिश काळात सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते, आणि ब्रिटिश अमलाखालचे तासगाव सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. म्हणून तुम्हाला हवे आहे ते जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमालेतील साताऱ्याचे पुस्तक, म्हणजे १८८५ साली प्रसिद्ध झालेला एकोणिसावा खंड. तो इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ग्रंथसंग्रहाच्या संकेतस्थळावर पूर्ण स्वरूपात उपलब्ध आहे, आणि राज्य शासनाच्या दर्शनिका (म्हणजे गॅझेटिअर) विभागाच्या संकेतस्थळावरही जिल्ह्यांची जुनी गॅझेटिअर वाचायला ठेवलेली आहेत.

खंड उघडल्यावर आणखी एक खाचखळगा लागेल, तो आधीच सांगून ठेवतो. त्या मालेत देशी नावे इंग्रजीत लिहिताना दीर्घ ‘आ’ दाखवण्यासाठी ‘ए’ या अक्षराच्या डोक्यावर तिरपी रेघ दिलेली आहे. पानाचे छायाचित्र पाहून अक्षरे ओळखणाऱ्या यंत्राला ती रेघ आणि खालचे अक्षर मिळून पुष्कळदा ‘डी’ असे वाटते. त्यामुळे तासगावच्या इंग्रजी स्पेलिंगमधील पहिल्या ‘ए’च्या जागी ‘डी’ होतो, साताऱ्याचीही तीच गत होते, आणि तुम्ही शुद्ध स्पेलिंग टंकून शोध घेतला की यंत्र सरळ ‘आढळले नाही’ म्हणते. यावर दोन उपाय आहेत. एक, त्या ‘ए’च्या जागी मुद्दाम ‘डी’ टाकून शोधावे. लिहिताना हात अडखळतो, पण उपाय लागू पडतो. दुसरा माझ्या मते अधिक चांगला : शोधाची खिडकी विसरून अनुक्रमणिका उघडावी. गॅझेटिअरच्या शेवटी गावांची माहिती इंग्रजी वर्णानुक्रमाने दिलेली असते, तेथे ‘टी’पाशी जावे आणि पाने हाताने उलटावीत. तालुक्याचे वर्णन वेगळ्या प्रकरणात येते, तेही सोडू नये.

मराठी पुस्तकांची कथा याहून गमतीदार आहे. इंटरनेट अर्काइव्हवरील जुन्या मराठी पुस्तकांचा मोठा भाग ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पातून आलेला आहे. त्या प्रकल्पाचे मूळ संकेतस्थळ पुढे बंद पडले, पण पुस्तकांच्या प्रती अर्काइव्हवर चढवून ठेवलेल्या असल्यामुळे टिकल्या. तेथे पुस्तकांची नावे देवनागरीत नाहीत. ती रोमन लिपीत, आणि तीही आपण मोबाइलवर लिहितो तशी नव्हे, तर एका विशिष्ट पद्धतीने लिहिलेली आहेत : दीर्घ ‘आ’साठी ‘ए’ दोनदा, दीर्घ ‘ई’साठी ‘आय’ दोनदा, अनुस्वारासाठी ‘एन’ आणि त्याच्या माथ्यावर स्वल्पविरामासारखी खूण, आणि शब्दाच्या शेवटी आपण उच्चारत नाही तो ‘अ’ही लिहिलेला. म्हणजे ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ हे नाव तुम्हाला ‘ऐतिहासिका लेखा सन्‌ग्रहा’ असे काहीसे दिसेल. देवनागरीत ‘तासगाव’ टंकून तेथे काही मिळाले नाही, यात नवल ते काय!

हे नाव मी उदाहरणापुरते घेतलेले नाही. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन दप्तरातील पत्रे निवडून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने खंडशः प्रसिद्ध केली, आणि पेशव्यांचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या तासगावावर लिहिणाऱ्या माणसाला त्या खंडांवाचून पुढे जाता येणार नाही. ते शोधताना पुस्तकाचे नाव टंकूच नका. इंग्रजीत फक्त ‘खरे’ हे आडनाव टंका, बाजूच्या गाळणीत भाषा ‘मराठी’ निवडा आणि निकाल वर्षाच्या क्रमाने लावा. हे झाल्यावर भाषेची गाळणी काढून पुन्हा एकदा पाहा, कारण मराठी पुस्तकावर ‘हिंदी’ किंवा ‘संस्कृत’ असा शिक्का मारल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. लेखकाच्या रकान्यात पुस्तकाचे नाव आणि नावाच्या रकान्यात लेखक, असाही उलटा प्रकार आढळतो. पटवर्धन हे आडनाव शोधायचे असेल तर ‘व्ही’ने एकदा आणि ‘डब्ल्यू’ने एकदा, असे दोन्ही वेळा शोधावे लागेल, कारण कॅम्बेलच्या काळात पहिले चाले आणि पुढे दुसरे रूढ झाले. खंड मिळाला की तो उतरवून घेण्याआधी पहिली पाच, मधली पाच आणि शेवटची पाच पाने पाहून घ्या. पाने गळालेली, उलटी लागलेली किंवा स्कॅन करणाऱ्याच्या अंगठ्याखाली झाकलेली असू शकतात. एका प्रतीत नसलेले पान दुसऱ्या प्रतीत बहुधा मिळते.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने आपल्याकडची हजारो जुनी पुस्तके आणि सरकारी अहवाल स्कॅन करून संकेतस्थळावर खुले ठेवलेले आहेत. तासगावच्या शेतसाऱ्याविषयी, दुष्काळाविषयी किंवा बाजारपेठेविषयी तुम्ही एखादे प्रकरण लिहिणार असाल, तर मी इंटरनेट अर्काइव्हच्याही आधी तेथे जाईन, कारण नोंदी ग्रंथपालांनी केलेल्या आहेत आणि त्या नीट आहेत. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा ‘ग्रंथसंजीवनी’ हा संग्रहही पाहावा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने त्यांच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात, आणि मराठी विश्वकोश तर शब्द टंकून थेट वाचता येतो. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया ग्रंथालयाने मोल्सवर्थचा १८५७ सालचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शोधता येईल अशा रूपात ठेवलेले आहेत. खरे शास्त्रींच्या खंडांत ‘सरंजाम’, ‘कमावीस’, ‘रदबदली’ असे शब्द पानोपानी भेटतील, तेव्हा ती खिडकी शेजारी उघडीच राहू द्या. मीही अजून तसेच करतो.

तुम्ही प्रश्नात विचारलेले नाही, पण पुस्तक छापणार आहात म्हणून सांगणे भाग आहे. मोफत वाचायला मिळणे आणि छापण्याची मोकळीक असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडील १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. खरे शास्त्री १९२४ साली वारले, तेव्हा त्यांच्या मजकुराबाबत प्रश्नच नाही. रियासतकार गो. स. सरदेसाई १९५९ साली वारले, म्हणून त्यांचे लेखन १ जानेवारी २०२० पासून मोकळे झाले. छायाचित्राची साठ वर्षे पूर्वी ते प्रथम प्रसिद्ध झाल्यापासून मोजत; २०१२ च्या दुरुस्तीनंतर तीही छायाचित्रकाराच्या निधनापासून मोजतात. मात्र इंटरनेट अर्काइव्हवर कोणीही काहीही चढवू शकतो, आणि हयात लेखकांची मराठी पुस्तकेही तेथे बिनदिक्कत टाकलेली दिसतात. ती तेथे आहेत म्हणून त्यांतील बारा पाने उचलून आपल्या परिशिष्टात घालता येत नाहीत. अशा ठिकाणी दोन-चार वाक्ये अवतरणात, नाव-पान देऊन घ्यावीत, किंवा प्रकाशकाला पत्र टाकून परवानगी मागावी.

आता वृत्तपत्रांकडे येतो. विकत मिळणाऱ्या यादीचा अनुभव मी स्वतः घेतलेला आहे. आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी आम्ही अशीच एक यादी घेतली आणि वीस प्रती रवाना केल्या. त्यांतील अकरा पाकिटे ‘पत्ता सोडून गेले’ किंवा तत्सम शेऱ्यासह परत आली, दोन ठिकाणी संबंधितांचे निधन झालेले होते, आणि एक प्रत क्रीडा विभागाच्या बातमीदाराकडे गेली होती. त्या भल्या गृहस्थांनी दूरध्वनी करून आभार मात्र मानले. पत्रकार नोकऱ्या बदलतात, विभाग बदलतात, आणि अशा याद्या एकदा जमवून वर्षानुवर्षे विकल्या जातात. शिवाय कोणाचे खासगी मोबाइल क्रमांक त्यांच्या संमतीवाचून विकत घेऊन त्यांवर संदेश पाठवणे, हे माझ्या मते सभ्यपणाचे नाही, आणि असा संदेश वाचणारा संपादक तुमच्या पुस्तकाविषयी चांगले मत घेऊन बसेल असेही नाही.

फुकटच्या याद्या मात्र आहेत, आणि त्या सरकारी आहेत. आपल्या देशात कोणतेही नियतकालिक नोंदणी केल्याशिवाय काढता येत नाही. १८६७ च्या कायद्यापासून ही पद्धत चालत आलेली असून, त्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली आणि तो १ मार्च २०२४ पासून लागू झाला. पूर्वीचे ‘वृत्तपत्र निबंधक’ आता ‘प्रेस महानिबंधक’ झाले आहेत. त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत नियतकालिकांची नावे, भाषा, प्रसिद्धीचे ठिकाण आणि मालक-प्रकाशक पाहता येतात. सांगली जिल्ह्यातील मराठी नियतकालिके पाहिलीत तर आपल्या जिल्ह्यात इतकी साप्ताहिके आहेत, याचे तुम्हाला आश्चर्य वाटेल. पण येथेही तीच काळजी घ्या : नोंदणी असणे म्हणजे अंक निघत असणे नव्हे. त्यातील कोणती खरोखर छापली जातात, हे ताडून पाहण्यासाठी दुसरी यादी वापरावी. सरकारी जाहिराती मिळण्यास पात्र ठरलेल्या वृत्तपत्रांच्या याद्या केंद्रीय संचार ब्युरो आणि राज्याचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय ठेवते, आणि जाहिरात मिळवायची तर अंक नियमित काढावा लागतो. दोन्हीकडे असलेले नाव आपल्या कामाचे. जिल्हा माहिती अधिकाऱ्यांच्या कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचारलेत तर संकेतस्थळापेक्षाही लवकर काम होईल, हे मी अनुभवाने सांगतो. स्थानिक वृत्तपत्रांशी त्यांचा रोजचा संबंध असतो. सांगलीच्या आकाशवाणी केंद्राला विसरू नका. स्थानिक इतिहासावरच्या पुस्तकाला तेथे मुलाखतीच्या रूपाने जागा मिळू शकते, आणि वृत्तपत्र न वाचणारा श्रोता तेथेच असतो.

या सगळ्यांहून साधे आणि खात्रीचे साधन तुमच्या घरात रोज सकाळी येते. कोणत्याही वृत्तपत्राचे शेवटचे पान उलटा आणि अगदी तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापलेली ओळ वाचा. ‘हे वृत्तपत्र मालक अमुक यांच्याकरिता मुद्रक व प्रकाशक तमुक यांनी अमुक येथे छापून तमुक येथे प्रसिद्ध केले’, असा तो मजकूर असतो. त्यापुढे संपादकाचे नाव असते आणि त्या नावावरच्या फुलीचा खुलासा असतो, की बातम्यांच्या निवडीची कायदेशीर जबाबदारी यांच्यावर आहे. ती ओळ कायद्याने छापावीच लागते. म्हणून तो पत्ता पाच हजारांच्या कोणत्याही यादीपेक्षा ताजा असतो. फक्त एक पथ्य पाळा : पत्ता त्या ओळीतून घ्या, पण नाव तेथून घेऊ नका. ज्यांच्यावर कायदेशीर जबाबदारी असते ते पुस्तकांची पाने पाहतात असे नाही. पुस्तक परीक्षणे रविवारच्या पुरवण्यांत येतात : लोकसत्तेची ‘लोकरंग’, सकाळची ‘सप्तरंग’, लोकमतची ‘मंथन’, पुढारीची ‘बहार’. पाकिटावर व्यक्तीचे नाव न घालता ‘संपादक, अमुक पुरवणी, पुस्तक परीक्षणासाठी’ असे लिहावे, म्हणजे माणूस बदलला तरी पाकीट योग्य टेबलावर जाते. लागोपाठ चार रविवार त्या पुरवण्या समोर ठेवून पाहा. ईमेलचा पत्ता बहुधा पानावरच छापलेला असतो, आणि कोणती पुरवणी स्थानिक इतिहासाला जागा देते आणि कोणती फक्त कथा-कवितांना, हेही त्यातून कळेल. हे कोणतीही विकतची यादी सांगू शकत नाही.

परीक्षणासाठी दोन प्रती पाठवण्याचा रिवाज आहे, तो पाळावा. सोबत एका पानाचे पत्र असावे, त्यात पुस्तकाचे नाव, पृष्ठसंख्या, किंमत, पुस्तक कोठे मिळेल ते, आणि या पुस्तकात पूर्वी कोठेही न छापलेले काय आहे ते तीन-चार वाक्यांत लिहावे. तुमच्या पत्रात गणपतीच्या रथाविषयी जुन्या माणसांकडून लिहून घेतलेल्या आठवणींचा जाता जाता उल्लेख आहे. माझ्या मते तुमच्या पुस्तकाचा गाभा तोच आहे, पटवर्धनांची वंशावळ नव्हे; वंशावळ खरे शास्त्रींकडेही मिळते. परीक्षण येईलच असे नाही, पण ‘साभार पोच’ या सदरात नाव आले तरी ग्रंथालयांच्या खरेदीसाठी त्याचा उपयोग होतो. पाच हजारांना ईमेल धाडण्यापेक्षा पंधरा ठिकाणी दोन-दोन प्रती स्पीड पोस्टाने पाठवा. बाजूला ठेवलेल्या तीन हजारांचा बराचसा भाग त्यात जाईल, पण प्रत्येक पाकिटाची पोच संगणकावर पाहता येईल.

पुस्तक स्वतः काढणार आहात, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने प्रकाशक तुम्हीच. आंतरराष्ट्रीय प्रमाण पुस्तक क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन राय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत; अर्ज मात्र छपाईच्या बराच आधी करावा. १९५४ च्या कायद्यानुसार प्रसिद्धीपासून तीस दिवसांच्या आत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरलेली तीन ग्रंथालये यांना प्रत्येकी एक प्रत स्वखर्चाने पाठवावी लागते. घरगुती प्रकाशक हे बहुधा विसरतात. तेथे कोणीतरी तुमच्या पुस्तकाची नोंद करील, आणि त्याला तासगाव कोठे आहे हे ठाऊक असेलच असे नाही. म्हणून नावाच्या पानामागे, जेथे मुद्रकाचा पत्ता येतो तेथे, पुस्तकाचे नाव एकदा रोमन लिपीत रूढ स्पेलिंगने छापा, आणि त्याखाली एक ओळ टाका : ‘तासगाव, जिल्हा सांगली (पूर्वीचा सातारा)’.

आपला,
सदरलेखक